आडवी रेघ आणि हत्तीचा हौद

हसणार असाल तर आधी चहा खाली ठेवा. माझ्या हुशारीमुळं दरबारचा हत्ती कोरडा राहायची वेळ आली होती, ती गोष्ट सांगतोय.

महाराजांच्या राज्यात मी हत्तीखान्यात उमेदवार कारकून होतो. उमेदवार म्हणजे काम सगळं, नेमणूक काही नाही! पन्हाळ्याहून पाहुणे उतरणार होते आणि दुपारी हत्तीची अंघोळ बघणार होते. आमचे वरिष्ठ रावसाहेब म्हणाले, "हौद भरला तर कायम करतो. नाही भरला तर घरी जा."

विहिरीवर जागा एकाच मोटेला. मोटकरी दोन, गणपा आणि उचगावचा दस्तगीर. कोण लवकर भरेल?

मी नुकताच आलेख काढायला शिकलो होतो. दोघांना आदल्या दिवशी सारखाच वेळ मोट हाकायला लावली, हौदात पाणी किती बोटं चढलं ते पाटीवर मांडलं, तिथून चौकटींच्या कागदावर उतरवलं आणि पाटी पुसून टाकली. शास्त्र हाती आल्यावर आकडे कोण बघतो?

गणपाची रेघ ताठ वर गेली. दस्तगीरची दमल्यासारखी आडवी.

"गणपा, जुंप बैल!"

दस्तगीर उसळला. "अवो कारकूनसायेब, माजी मोट केवढी हाय, बघा की!"

"मोट काय बघतोस? रेघ बघ! आडवी पडलीय."

"पडली असंल. माजं बैल तर हुबं हायती न्हवं?"

अडाण्याशी काय बोलायचं, असं मनात म्हणून मी पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळ सरली. हौद निम्माही नाही! मी दर घटकेला काठी बुडवून बघत होतो, जणू काठीला दया येऊन पाणी वाढणार होतं. जेवण गेलं नाही. पन्हाळ्याच्या वाटेवर धूळ दिसली की मी फाटकाकडं धावायचो. ती बैलगाडी निघायची.

तेवढ्यात माहूत हत्ती घेऊन हजर. हौदात डोकावून म्हणाला, "पाय धुवायला आणलाय व्हय ह्याला?"

आवाज ऐकून रावसाहेब आले. "आलेख दाखव."

दाखवला.

"गणपाच्या एका चौकटीत एक बोट पाणी. आणि दस्तगीरच्या एका चौकटीत दोन बोटं? असं का?"

"कागद अपुरा पडला, साहेब. एका कामाला एकच कागद, असा आपलाच हुकूम. गणपाची रेघ मोठी काढली, दस्तगीरला तुकडा उरला. त्याचं पाणी कागदाच्या वर जायला लागलं, म्हणून एका चौकटीत दोन बोटं दाबून बसवली."

"ज्याचं पाणी कागदात मावेना, तो मंद?"

मी तसाच धावत जाऊन दस्तगीरला बोलावून आणलं.

दस्तगीरनं मोट जुंपली, तीही हसत. पाहुण्यांना वाटेत उशीर झाला म्हणून वाचलो. हत्ती पाण्यात उतरला तेव्हा हौदाला चार बोटं कमी होती. हत्ती बसल्यावर पाणी काठाला लागलं आणि रावसाहेबांना शब्द पाळावा लागला.

"कायम करतो," ते म्हणाले, "पण जावक टेबलावर. तिथं फक्त पाकिटावर शिक्का मारायचा. त्यात डोकं लागत नाही."

दुसऱ्या दिवशी रुजू झालो. पहिलाच शिक्का उलटा मारला.