तळ्याकाठचा चहा

कुवेतच्या अब्बासियात सात जणांत एक खोली आणि एक न्हाणीघर वाटून घेऊन मी सुरुवात केली. पुढे मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीला व्हॉल्व्ह पुरवणारा माणूस झालो, तो कुणाच्या शिफारशीवर नव्हे. भाव पाडायचा, माल चोख द्यायचा आणि कुणाचं ऐकून घ्यायचं नाही, एवढंच मला येतं.

त्यामुळे तिथल्या तपासणीत माझा अख्खा लॉट नापास झाला तेव्हा मी पेटलो. व्हॉल्व्हच्या फ्लँजची, म्हणजे पाइपला जोडायच्या कड्याची, भोकं मापात बसत नव्हती. तपासणारा इंजिनिअर नाशिकचा, माझ्या मुलाच्या वयाचा. चार मल्याळी आणि इजिप्तचे दोन मिसरी ऐकत असताना मुद्दाम हिंदीत म्हणाला, "अंकल, भाव तोडने के चक्कर में माल भी तोड़ दिया?" सगळे हसले. चीनच्या कारखान्याला विचारलं तर उत्तर आलं, तुम्ही पाठवलेला मापांचा नकाशाच चुकीचा होता. बारा वर्षांचा व्यवहार, आणि हे उत्तर! नकाशा मी स्वतः तीनदा तपासला होता.

मी चीनचं तिकीट काढलं. कारखान्याच्या मालकाच्या तोंडून "चूक आमची" वदवून घ्यायचं, आणि तेही कागदावर. नाही तर संबंध संपला. बायको नर्स, तिने इस्पितळातून रजा काढली. म्हणाली, "तुम्हाला एकट्याला सोडलं तर मारामारी करून याल."

मालकाने आम्हाला कारखान्यात नेलंच नाही. गाडी डोंगर चढून एका तळ्याकाठच्या रिसॉर्टपाशी थांबली. मला नरम करायचा डाव, मी ओळखला. काउंटरवर सवयीने म्हणालो, ही खोली नको, तळ्याच्या बाजूची द्या. ती मुलगी हसली आणि लगेच दिली. भांडण हाती येता येता निसटलं.

खोलीत शिरलो. समोरची अख्खी भिंत काचेची. पलीकडे ओटा, ओट्यावर लाकडी टब, आणि त्याच्या पुढे पाणी. डोंगराच्या पायथ्यापर्यंत नुसतं पाणी, वर धुकं, त्यातून बाहेर आलेली एका देवळाची कौलं. मी जालन्याचा, म्हणजे टँकरची वाट बघत वाढलेला. कुवेतला आलो तर तिथे पिण्याचं पाणी समुद्रातून काढावं लागतं. खाली जाऊन ओंजळभर घेतलं आणि जिभेला लावलं. गोडं होतं. इतकं गोडं पाणी कुणी न राखता नुसतं पडून असू शकतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

बायको स्पामधून आली ती डोळे पुसत. बावीस वर्षं तिने परक्यांची अंगं पुसली. आज एका मुलीने आल्याच्या गरम पाण्यात तिचे पाय धुतले. "मी उठायला गेले अहो, तर तिने खांदा दाबून बसवलं. वर चहा. पेला रिकामा केला की भरतच होती. शेवटी खुणेने म्हणाली, पुरे झालं की भरलेला ठेवायचा."

मी ऐकलं आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावरच्या लाकडी मंडपात मालक आला. सत्तरीचा, सोबत दुभाष्या नाही. त्याने उभं राहून स्वतःच्या हाताने मला चहा ओतला. मी एका घोटात संपवला आणि पुरे म्हणून पेला हलवला. कुवेतमध्ये अरबाच्या घरी कॉफी नको असली की असाच पेला हलवायचा असतो. वीस वर्षांत हाताला ते वळण पडलंय. त्याने पुन्हा भरला. मी पुन्हा संपवला, जोरात हलवला. त्याने पुन्हा भरला. मला वाटलं, हा मुद्दाम वेळ काढतोय, बोलूच देत नाही. नवव्या पेल्याला माझा आवाज चढला, तोही मराठीत: "अरे, चहाने चूक धुतली जाते का?"

बायको हळूच म्हणाली, "ओरडू नका. त्यांचे गुडघे बघा, कापताहेत. तुम्ही रिकामा करताय म्हणून ते बिचारे उभे आहेत. भरलेला ठेवा."

मी हात मागे घेतला. पेला भरलेला राहिला. म्हातारा खाली बसला, दम घेतला, आणि पिशवीतून एक कागद काढला. माझाच नकाशा. एका मापाभोवती लाल गोल केलेला. त्याने बोट त्या मापावर ठेवलं, मान डोलावली, मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

अर्ध्या तासाचं भाषण पाठ करून गेलो होतो. ते राहिलं आणि मी तळ्याकडे बघत बसलो. त्याच्या मागे धुकं उचललं जात होतं आणि पाण्यातून डोंगर उलटा वर येत होता.

तरी मी मीच. लिहून द्या, अशी खूण केली. त्याने दोन ओळी लिहिल्या, खाली कंपनीचा लाल शिक्का मारला.

परतल्यावर मीना अब्दुल्लात तो कागद इंजिनिअरच्या टेबलावर आपटला, त्याच चार मल्याळी आणि दोन मिसऱ्यांसमोर. त्याने मोबाइल धरून दोन ओळींचं भाषांतर वाचलं. शिक्का निरखला. मग मराठीत म्हणाला, "काका, बसा ना."

त्या दिवशीचं हसणं मी माफ केलेलं नाही. पण बसलो. त्याने विचारलं, "कसं आहे तिकडे?"

खोलीचं सांगणार होतो, टबाचं, मंडपाचं.

"पाणी," मी म्हणालो. "गोडं पाणी रे. नजर पोचेल तिथवर."