काकवीची वाटी

माझी पुतणी पाच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, आणि बोलायची गरज आम्ही तिला ठेवलीही नव्हती. तिनं माठाकडं बघायच्या आत वहिनी पाणी घेऊन हजर. पण वहिनींना ऑपरेशनसाठी सांगलीच्या दवाखान्यात राहावं लागणार होतं. मागं पोरीच्या मनातलं ओळखणार कोण, ही काळजी त्यांना लागून राहिली.

सांगलीत अशा मुलांना शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं, "आवडीची वस्तू समोर धरा आणि थांबा. आधी तिचा हात धरून पुढं करा, मग हळूहळू सोडा. तिनं मागितलं की मात्र लगेच द्यायचं."

आवडीची वस्तू म्हणजे काकवी, त्यामुळं आमची शाळा आमच्याच गुऱ्हाळावर भरली. आता गुऱ्हाळावर आलेल्याला तोंड उघडून मागावं लागणं ही आमच्याकडं मालकाची नाचक्की. मी वाटी धरून थांबलो, तर कढईवर गूळ शिजवणाऱ्या गुळव्यानं मागून दुसरी वाटी पोरीला दिली.

"मालक, पोर तोंडाकडं बघतंय आन् तुमी वाटी धरून बसलाय व्हय?"

"शिकवतोय तिला."

"काय, उपाशी ऱ्हायला?"

त्याला कसंबसं आवरलं. मग वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमीच करून दाखवा." मी हात पुढं केला, वहिनींकडून काकवी मिळाली. पुन्हा केला, पुन्हा मिळाली. या विद्येत मी लवकर तयार झालो. पोरगी नुसती बघत बसायची. एका दुपारी मात्र तिचा हात आपणहून पुढं आला, आणि गुळव्यानं काकवी तिच्या कोपरापर्यंत ओतली.

वहिनी सांगलीला गेल्या. पोरगी माठाला, भाकरीच्या दुरडीला हात लावून मागू लागली, आणि मी गावभर फुशारकी मारली. मग एका सकाळी तिनं दोरीवरचं वहिनींचं लुगडं ओढून माझ्या मांडीवर टाकलं आणि हात पुढं केला. मी काकवी आणली. तिनं वाटी बाजूला सारली. हात तसाच.

मागितलं की लगेच द्यायचं. तिला काखेत घेऊन मी सांगलीची एसटी गाठली.

दवाखान्यात वहिनी खाटेवर बसल्या होत्या. लेक दिसताच त्यांचे हात उठले, पण त्यांनी ते मांडीवर दाबून धरले आणि वाट पाहिली. पोरीनं हात पुढं केला, तेव्हा कुठं त्यांनी तिला कुशीत ओढलं.

सवयीनं माझाही हात पुढं झाला असावा, कारण वहिनींनी त्यावर उशाजवळचं केळं ठेवलं.