आवडाबाईंची घारापुरी

आवडाबाई म्हणजे आमच्या मामंजींची धाकटी बहीण. नवव्या वर्षी कुंकू गेले, तेव्हापासून ठाण्याच्या याच घरात. पहाटे उठून सोवळ्याचा स्वयंपाक, मग कौपिनेश्वराचे दर्शन, पन्नास वर्षे एवढेच जग. मागणे म्हणून एकच. सात वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना शिवरात्रीला घारापुरीच्या बेटावर नेले होते. तिथल्या पिंडीला त्यांनी कव घातली, पण हाताला हात लागेना. "मोठी झालीस की लागेल," असे वडील म्हणाले. तेवढे एकदा पाहून यायचे होते.

यंदा, शके १८०७ च्या माघात, त्र्यंबकभावोजी आपण होऊन म्हणाले, "आत्या, नेतो तुला." आगगाडीत कोण कोणाला शिवेल म्हणून आत्याबाई तीत बसत नाहीत. तेव्हा चेंदणीच्या काळुराम कोळ्याची होडी खाडीने थेट न्यायची ठरली. मामंजी आता नाहीत, इकडची स्वारी कल्याणास नोकरीवर, त्यामुळे घरात भावोजींचा शब्द.

काळुराम बोलणे करायला अंगणात आला. होडीच्या लाकडाला माशाचे तेल लावतात, तो वास त्याच्या अंगाला होता. मी पदर नाकाला लावला.

तो म्हणाला, "दिसाची पाऊनपट करा, भरतीची येल भेटल. भरती सुटली का निंगायचा. व्होटी आपसूक खाली नेतं."

भावोजी नुकतेच कचेरीत लागलेले, खिशात घड्याळ. त्यांनी वहीत लिहिले: मार्चची चौथी, चाराची पाऊणपट तीन, दुपारी तीनला निघणे.

"साहेब, तारीख नाय. तिथ."

"तिथी बायकांच्या उपासाला. सरकारचा कारभार तारखेवर चालतो."

"सरकारचा चालत असंल. खाडीचा नाय."

"जीभ आवर, आणि होडी शेणाने सारवून ठेव."

मग यादी झाली. सतरंजी, पानाचा डबा, कोळ्याचे पाणी चालत नाही म्हणून घरच्या पाण्याच्या दोन कळश्या. त्याखाली मुंबईच्या सोडावाटरच्या बारा बाटल्या. त्यात पाणी कोणी कोणत्या हाताने भरले, हे कोणी विचारले नाही.

दोन दिवस आधी संध्याकाळी भावोजींचे तीन मित्र आले. आपणही येतो म्हणाले. तंबाखू खाऊन थुंकले ते तुळशीच्या पायाशी. मी ते राखेने खरवडत होते, तेव्हा एकाचे बोलणे कानावर आले.

"बोडकी समोर घेऊन निघायचे म्हणजे, त्र्यंबकराव..."

भावोजी हसले. "राहील ती घरी. पुढच्या वर्षी बघू."

आत आत्याबाई त्या मित्रांच्याच फराळासाठी राजगिऱ्याचे लाडू वळत होत्या. त्यांना ऐकू गेले. माशाच्या तेलाच्या वासापेक्षा ते हसणे मला घाण वाटले. अशी शिसारी मला घरच्या माणसाची कधी आली नव्हती.

आत्याबाईंचा हात थांबला नाही. वळता वळताच म्हणाल्या, "शिवरात्र म्हणजे चतुर्दशी. चौदा पाऊण किती ग?"

मी बोटे मोजू लागले.

"साडेदहा. दादा, तुझे मामंजी, ओसरीवर पाऊणकीचा पाढा घोकायचा, मी आतून ऐकायची." त्यांनी लाडू ताटात ठेवला. "त्र्यंबकची वेळ तीनची ना? मग साडेदहाला होडी रिकामी असेल."

शिवरात्रीला सकाळी भावोजी मित्रांकडे पत्त्यांना गेले. मी आत्याबाईंना घेऊन बंदरावर गेले. काळुराम आणि त्याची बायको तुळसा होडीपाशीच होती. खाडी काठोकाठ भरली होती.

मी म्हटले, "ही होडी तीनला जायची ना रे?"

"तीनला ती चिकलात बसल, बाय. ती बसन्यापरास आत्याबाईच बसूं दे."

शेणाने सारवलेले काही दिसले नाही. फळीला खवले चिकटलेले, तळाशी काळे पाणी. मी मागे सरले. "आत्याबाई, हा वास..."

"नावेला विटाळ नाही, शास्त्रात आहे. वासाचे शास्त्रात काही नाही." तांबड्या आलवणाचा पदर खोचून त्या चढल्या. तुळसाने हात दिला, तो त्यांनी धरला. मी घरी परतले.

तीनला भावोजी, मित्र आणि बारा बाटल्या बंदरावर उभ्या. पुढे नुसता चिखल, होडी नाही. घरी येऊन माझ्यावर ओरडले. मी म्हटले, "वेळ तुम्हीच काढली होती, भावोजी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला आत्याबाई परत आल्या. भावोजी ओसरीवरून नाक दाबून म्हणाले, "वहिनी, ती घाण आधी बाहेर."

मी त्यांना विहिरीवर नेले. पाणी घालता घालता विचारले, "लागला का हाताला हात?"

"छे ग. निम्मीसुद्धा कवेत येत नाही. बाबांनी फसवले मला." आणि हसू लागल्या, ठसका लागेपर्यंत.

आलवण मी तीनदा धुतले. वास जात नाही. चौथ्यांदा भिजवायला घेतले तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे."