दादाचं पिणं आणि दादा

आईवडील गेल्यावर आम्ही दोघं साताऱ्याकडून पिंपरीला आलो. दादा एका नव्या कारखान्यात फिटर होता आणि मला चिंचवडच्या प्राथमिक शाळेत नोकरी मिळाली होती. रुळांजवळच्या बैठ्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या.

दादाला माणूस पटकन आवडायचा. नवा सोबती मिळाला की घरात त्याचंच कौतुक, त्याला जेवायला बोलवायचं, माझ्याकडून पुरणपोळ्या करून घ्यायच्या. मग एखाद्या रविवारी तो आला नाही, की दादाच्या लेखी तो मेला. "ढोंगी आहे," म्हणायचा आणि पुन्हा विषय काढू द्यायचा नाही. लहानपणीही तो असाच होता. आई माहेरी राहून आली की दोन दोन दिवस तिच्याशी बोलत नसे.

पिणं फार नंतर आलं. दारूबंदी होती, पण पवनेच्या काठी बाभळीत हातभट्टी लागते हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका सोबत्याशी बिनसलं, त्या संध्याकाळी दादा पहिल्यांदा पिऊन आला. भिंतीला टेकून बसला आणि हळू म्हणाला, "आता आत काही टोचत नाही." इतका निवांत चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. मला भीती वाटली ती त्या निवांतपणाचीच.

पुढं ते रोजचं झालं. चाळीतल्या बायका आमच्या दाराशी थांबेनाशा झाल्या. शेजारच्या काकू तेवढ्या म्हणायच्या, "दारूनं वाटोळं केलं गं, नाहीतर माणूस सोन्यासारखा." मीही तेच धरून बसले होते.

नोकरीवर गदा यायची वेळ आली तेव्हा कारखान्याच्या डॉक्टरांनी त्याला समोर बसवून दारू सोडायला लावली. थरथरत, घाम गाळत त्यानं ते दिवस काढले. मी पेज भरवली. दारू सुटली. मी त्या सोन्यासारख्या माणसाची वाट बघत राहिले.

तळेगावचे एक मास्तर मला बघून गेले. दादानं त्यांना भावासारखं जवळ केलं. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी लग्नाची तिथी काढायची का, एवढंच विचारलं. दादाचा चेहरा उतरला.

"माझ्याशी गोड बोललात ते हिला न्यायलाच ना?" तो म्हणाला. "उठा."

मास्तरांनी कपबशी खाली ठेवली आणि ते गेले, ते पुन्हा आले नाहीत. महिनोन् महिने दादानं थेंब घेतला नव्हता.

मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, दारू हे त्याचं औषध होतं. घातक, पण औषधच. ते मी काढून घेतलं, दुखणं आहे तिथंच आहे. हा स्वभावाचाच आजार. इलाज मला माहीत नाही."

"मग त्याला पिऊ द्यायचं?"

"नाही. प्यायला तर दोन्ही दुखणी."

घरी येऊन मी दादाला विचारलं, "तुला कशाची भीती वाटते रे?"

तो चपलेचा अंगठा शिवत होता. मान वर न करता म्हणाला, "तू दाराबाहेर गेलीस की वाटतं, मी नाहीच. स्वतःला चिमटा काढून बघतो."

मी त्याच्याजवळ बसले. त्याचा खांदा दगडासारखा ताठ होता. एका खोलीत आम्ही दोघं होतो, आणि दोघंही एकटेच.

पुढच्या उन्हाळ्यात एका सोबत्याची बदली झाली आणि दादा पुन्हा प्यायला लागला. नोकरी गेली. काही वर्षांत काविळीनं तोही गेला. दारूनं नेला, असं सगळे म्हणाले. माझ्या कानात डॉक्टरांचे शब्द होते.

मग मी चाकणच्या शाळेत बदली मागून घेतली. खोलीसमोर कांद्याची वखार होती, हमालांची बोलणी दुपारभर ऐकू यायची. वर्ग सुटल्यावर मला मात्र कुणाशी काय बोलावं ते सुचत नसे.