दारात येणारा भाऊ

नामक्कलच्या कोंबड्यांच्या प्रयोगशाळेत रासाथी अक्का तीस वर्षं पंखातून रक्त काढतेय. बोटं पार झिजली, जीभ मात्र शाबूत आहे. परवा चेन्निअप्पन आला. त्याच्या तलंगा, अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, शिंकत होत्या, पण तपासणीत जंतू सापडला नव्हता.

"अक्का, निरोगी म्हणून लिहून दे. उद्या गावात विकायच्यात."

अक्का खुर्चीत टेकली. "तुम्ही भाऊ किती रे?"

"पाच."

"मी पाचदा आले तुझ्या शेडवर. दर वेळी दारात नवाच भाऊ, आणि 'मला ठाऊक नाही, दुसऱ्याला विचारा!'"

चेन्निअप्पन ओशाळून हसला.

"या जंतूचंही तेच. पोटात एकाच कुळातली कितीतरी जनुकं. दारात, म्हणजे जंतूच्या अंगावर, दिसतं एकाचंच रूप. कोंबडीच्या शरीरानं ते ओळखलं की दुसरं पुढे. आमची तपासणी थोरल्याला ओळखते, तुझ्याकडे आलाय धाकटा. घर तेच, बाबा. विकल्या तर गावभर शिंका."

गाव म्हणजे त्याचेच सगेसोयरे. त्यानं फोन करून उद्याचा टेम्पो थांबवला.

"आता घरी कुणाला सांगू, अक्का?"

"दारात येईल त्याला," म्हणत अक्कानं पुढच्या कोंबडीचा पंख उलगडला.