अकरा जणांना पाठवा

सालेकशाच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात मी १९९९ पासून सात वर्षं शाळेत शिकवलं. गावचं पोस्ट पोस्टमास्तरांच्या घराच्या पुढच्या खोलीत होतं. शिक्का मारायचे तेच आणि सायकलवरून डाक वाटायचेही तेच. माझे आईवडील चोरखमाऱ्याच्या तलावाकडे, आमच्या मूळ गावी. तिथून वडिलांचं पोस्टकार्ड आलं की पोस्टमास्तर शाळेच्या फाटकाशी सायकल लावत आणि कार्ड हातात ठेवायच्या आधीच त्यातला मजकूर सांगून मोकळे होत.

"घरी सब ठीक हाये बाई. धान कापून झाला. पन आईच्या तब्येतीचं तुमचे बाबा लपवून राहिले. शेवटी पाहा ना, अक्षर कसं घाईघाईत काढलं."

मला संताप यायचा. दुसऱ्याचं पत्र वाचता कसं, असं एकदा तोंडावर विचारलंही. "पोस्टकार्ड होय जी, लिफाफा नोहोय," म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले. आई खरंच आजारी होती, हे मला आठ दिवसांनी कळलं. पुढे पुढे तर कार्ड आलं की मी आधी त्यांच्या तोंडाकडे बघायची. वडिलांनी काय लिहिलंय यापेक्षा यांना त्यात काय दिसलं, हे ऐकायची सवयच जडली.

मग माझी गोंदियाजवळ बदली झाली. पोस्टमास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्या मुलाने नागपूरहून आपला जुना कॉम्प्युटर आणून पूर्वी पोस्ट होतं त्याच खोलीत फोनच्या तारेला जोडून दिला. त्यांची पहिली ई-मेल आली तेव्हा मला झालेला आनंद काय सांगू! उघडून बघते तर डोंगर उचललेले हनुमानजी. खाली हिंदीत मजकूर: हा संदेश अकरा जणांना पाठवा, तीन दिवसांत शुभवार्ता मिळेल, न पाठवल्यास परिणामांना तयार राहा. बस्स. त्यात ना 'बाई', ना 'खुशाल', ना खाली नाव.

त्यानंतर देवांची रीघच लागली. आमचं घर बौद्ध, हे त्यांना चांगलं माहीत होतं. आमच्याकडे बुद्धपौर्णिमेची खीर ते दोन वाट्या मागून खात. म्हणून की काय, पौर्णिमेला बुद्धांचंही चित्र आलं. मला जरा बरं वाटलं. खाली सरकवलं तर तीच धमकी! ज्या बुद्धांनी उभ्या जन्मात कुणाला भीती घातली नाही, त्यांच्या नावावर हे अकरा जणांचं लचांड. वाचून हसावं की कपाळ बडवावं, कळेना. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजायचे, पाच मिनिटं चित्र उघडायची वाट बघायची, आणि दर्शन घेऊन घरी यायचं. मी चिडून न वाचताच मेल पुसायला लागले.

पुढच्या वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर वाटलं, पोस्टमास्तरकाकांना कळवावं. चार ओळी लिहिल्या, टाके दुखतात तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून आली ती सिंहावर बसलेली देवी. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी इंग्रजी अक्षरांत मराठी बडवली: "काका, हे देव पाठवणं बंद करा. वर्षभरात तुमचा स्वतःचा एक शब्द आला नाही. जिवंत आहात की नाही, तेवढं तरी कळू द्या!"

दोन दिवसांनी मेल उघडली तर उत्तरं सात. त्यांचं एकही नाही. पहिलं आमच्या जुन्या मुख्याध्यापकांचं होतं: "बाई, मी जिवंत आहे. आपली शंका कळली नाही." एकाने नुसतंच 'जय माता दी' लिहिलं होतं. राजनांदगावच्या कुणा गृहस्थांनी क्षमा मागून कळवलं होतं की ते यापुढे देव पाठवणार नाहीत. आणि एका अनोळखी बाईने विचारलं होतं, "ताई, टाके सुकले का? तुमची मागची मेल वाचून काळजी वाटली."

पोस्टमास्तरांनी माझी प्रत्येक मेल, ऑपरेशनचीसुद्धा, इमानेइतबारे अकरा जणांना पाठवली होती.

रविवारी सकाळच्या गाडीने सालेकसा गाठलं, तिथून जीपने गाव. वाटेत भांडणाची सगळी वाक्यं घोकून झाली होती. पोस्टमास्तर ओसरीत मोहफुलं निवडत बसले होते. मला बघून उठले, घरात चहा सांगितला आणि म्हणाले, "काऊन जी बाई, खबर न देता?"

"खबर दिली असती तर अकरा जणांसोबत यावं लागलं असतं," मी म्हटलं, आणि मग तोंड सुटलं ते सुटलंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना खरंच काही उमजत नव्हतं.

"आलेली डाक पुढं धाडाव लागते ना बाई. अडवून ठेवाची नसते. चांगली का वाईट, आपन कोन पाहनारे?"

"पण ती मी तुम्हाला लिहिली होती. तुम्हाला एकट्याला."

"मले?" त्यांनी असं विचारलं की माझा आवाज खाली आला. "मले का जी लिहाचं?"

तीस वर्षं या माणसाने पत्रं पोचवली. तेंदूपत्त्याच्या हंगामात बाहेरगावी गेलेल्यांना त्यांच्या बायकांची पत्रं लिहून दिली. पण त्यांची स्वतःची माणसं सगळी हाकेच्या अंतरावर. मुलगा नागपूरला गेला तोवर फोन आले होते. आपल्या हाती आलेला कागद आपल्यासाठीच असू शकतो, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. माझा राग तिथेच विरघळला. ओसरीत बसल्या बसल्या मला रडू येतं की काय असं झालं.

"बरं, मग आता तुम्ही लिहा मला," मी म्हटलं.

"मले नवीन पत्र लिवाचं बटन नाई सापडत. ते पुढं पाठवाचं सापडते."

मग मीच कॉम्प्युटरपुढे बसले. म्हटलं, सांगा, मी टाइप करते. ते खुर्ची ओढून मागे बसले, घसा खाकरला आणि विचारलं, "कोनाच्या तर्फे लिवाचं?"

"तुमच्याच तर्फे!"

त्यांनी खुर्ची जरा वळवून घेतली. मग भिंतीकडे बघत, जणू मी तिथे नाहीच, सांगायला लागले.

"पत्र लिहिन्यास कारन की, आज बाई आल्या होत्या. लय रागात आल्या. चहात साखर कमी होती, पन बोलल्या नाई. वाळल्या हायेत. ऑपरेशनचं आमाले वाचून मालूम होतं, पन का लिहाव ते सुचलं नाई, म्हनून देवी पाठवली. बाईनं आराम कराव. त्यायले सांगाचं होतं का वर्सातून एखादखेप येत जा, पन त्या समोर बसल्या होत्या म्हनून सांगता आलं नाई."

मी शाळेत 'न' आणि 'ण'वरून पोरांचे कान पिळणारी बाई. त्या दिवशी एक अक्षर सुधारलं नाही. माझाच पत्ता घातला आणि मेल पाठवून दिली. मग वाटलं, उत्तर आत्ताच देऊन टाकावं. 'येईन' एवढंच तर लिहायचं होतं. मी माझं खातं उघडायला लागले तसे ते खुर्चीवरून अर्धवट उठले.

"इथून नोका लिवू बाई," म्हणाले. "घरी जाऊन लिवा. मले बी एखादं पत्र येऊ द्या."