अपक्ष नानांचा घोर

निवडून आल्याचा इतका धसका घेतलेला माणूस साऱ्या खानदेशात दुसरा सापडणार नाही. माझ्या बायकोच्या मामांना धुळ्यापासून जळगावपर्यंत सगळे नाना म्हणतात. दोन मोठ्या पक्षांच्या भांडणात ते लोकसभेला अपक्ष उभे राहिले, ते केवळ गावातल्या वडीलधाऱ्यांचा शब्द मोडवेना म्हणून. पडायची त्यांची तयारी चोख होती. निकालाच्या दिवशी बाहेर गुलाल उधळत होता आणि नाना न्हाणीघराला आतून कडी लावून बसले होते. मी दार वाजवलं, तर आतून खोल आवाज आला, "जावईबापू, फेरमोजणी मागता येस का?"

मग त्यांचा सहायक म्हणून मीही दिल्लीला गेलो. पक्षाच्या खासदाराला मत कुठे द्यायचं ते पक्ष सांगतो. अपक्षाला कुणीच काही सांगत नाही. याचाच नानांना घोर. दोन्ही बाजूंची भाषणं ते मन लावून ऐकत, आणि पंचाईत अशी की दोन्ही त्यांना पटत. मग ते मला विचारत, चहावाल्याला विचारत, शेवटी घरी मामींना फोन लावत. मामी म्हणत, "माझी डाळ करपतेय. तुमचं तुम्ही बघा."

अशात सरकारवर अविश्वासाचा ठराव आला. मतं काठावर होती. सरकारने नानांना सूतगिरणीचा शब्द दिला, विरोधकांनी पुढच्या उमेदवारीचा. नानांचं जेवण तुटलं, झोप उडाली. सूतगिरणीत त्यांचा जीव अडकला होता, कारण तालुक्यातली पोरं कामासाठी सुरत गाठत होती. अखेर ते दिल्लीहून रेल्वेने निघून पारोळ्याच्या आठवडी बाजारात आले आणि भर गर्दीत उभे राहून लोकांनाच विचारू लागले. माणसांत जुंपली. तेवढ्यात मिरच्या विकणारी एक म्हातारी तराजू खाली ठेवून म्हणाली, "नाना, तुमले कोनाना मांडीवर बसाडाले नही धाडं आम्ही. गिरणी हक्कानी मागा."

नाना तसेच दिल्लीला परतले. सभागृहात त्यांनी सरकारच्या विरोधात बटण दाबलं, पण इतकं भीतभीत दाबलं की यंत्रावर मत उमटलंच नाही. मग चिठ्ठी मागवून त्यांना तेच मत पुन्हा द्यावं लागलं. आणि एवढं करून सरकार चांगल्या फरकाने तरलं. काठावरची बाकीची माणसं आदल्या दिवशीच सरकारकडे सरकली होती. बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "मना मतवरी काही अडनं नही, हाई बरं व्हयनं." पण हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

सूतगिरणी दुसऱ्या तालुक्यात गेली. पुढच्या निवडणुकीत नाना पुन्हा अपक्षच उभे राहिले, तेव्हा लोकांनी गिरणीचाच जाब विचारला आणि नानांची अनामतही गेली.

निकालाच्या दुपारी मी आणि बायको समाचाराला गेलो. आत पंख्याखाली नाना गाढ झोपले होते. मामी उंबऱ्यात बसल्या होत्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "उठवू नका. आज कुठे डोळा लागलाय." आम्ही चपला हातात घेऊन फाटकाबाहेर आलो. समोर तालुक्याला जाणारा रस्ता उन्हात पडला होता. तिथे उभं राहिल्यावर मला उगीचच वाटलं, आता आपल्या सगळ्यांच्या काळजीने जागं कोण राहणार?